स्कॉटलंडच्या डोंगरावरचं हळदीकुंकू

गेल्या वर्षी संक्रांतीला अमेरिकेत ट्रॉयमधल्या आमच्या घरी बायका हळदीकुंकवाला आल्या, तेव्हा माझ्या सासूबाई वरच्या खोलीत दार लावून बसल्या. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. साताऱ्याचं घर बंद करून नवऱ्याने त्यांना आमच्याकडे मिशिगनला आणलं होतं. तिळाचे लाडू त्यांनीच वळले, गुळाच्या पोळ्या त्यांनीच लाटल्या, वाण म्हणून द्यायच्या डब्यांना फिती बांधल्या, आणि पहिली गाडी ड्राइव्हवेत शिरताच त्या जिना चढून वर गेल्या. "तुमचं चालू दे," म्हणाल्या, "माझं काय काम तिथे?"

मला राग लवकर येतो. त्या दिवशी तो पाहुण्या जाईपर्यंत गिळला आणि मग ओकला. "आई, हे काय चालवलंय तुम्ही? इथे कोण पाळतं असलं? बर्फातून गाड्या चालवत बायका येतात, आणि घरातली मोठी बाई वर दार लावून!" त्यांनी शांतपणे परात पुसली. "तू पाळू नकोस. मी सांगतेय का तुला?" त्यांच्याशी भांडण करणं फार अवघड, कारण त्या भांडतच नाहीत.

मला राग यायचा त्याहून जास्त भीती वाटायची. साताऱ्यात ही बाई भजनी मंडळ चालवायची, शेजारच्या चार घरांतल्या सुनांची बाळंतपणं तिने केली होती, बाजारात निघाली की अर्धा रस्ता बोलण्यातच जायचा. ती आता आमच्या घरी कुणी आलं की वर जायची आणि गाडी गेल्याचा आवाज आला की खाली यायची. उरलेलं आयुष्य त्या अशाच त्या खोलीत काढतील, असं वाटायचं.

आमची लेक जवळच ॲन आर्बरला कॉलेजात शिकते. मागच्या वर्षी एक सेमिस्टर ती एडिनबराला होती. ते संपलं की आम्ही तिला आणायला जायचं आणि त्या निमित्ताने स्कॉटलंड बघायचं, असं ठरलं. आईंनी अर्थातच नकार दिला. मग लेकीने थेट त्यांनाच व्हिडिओ कॉल लावला. "आजी, तू नाही आलीस तर मी पण परत नाही येणार. आय ॲम सीरियस." सून आणि मुलगा ज्या दारावर डोकं आपटून थकले होते, ते नातीने एका वाक्यात उघडलं. मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला.

एडिनबरा आईंना पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटलं. "सगळं गाव चढावर, वर किल्ला. साताराच की हा," त्या म्हणाल्या. मात्र किल्ल्याच्या तिकिटाचा आकडा लेकीने रुपयांत करून सांगितला तेव्हा त्यांनी अजिंक्यताऱ्याची बाजू घेतली. तिथे म्हणे कुणी अडवत नाही, आणि वाराही जास्त चांगला येतो. स्टर्लिंगला दुसरा किल्ला समोर आला तेव्हा त्या बाहेरच्या बाकावर बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "जा तुम्ही. काही वेगळं निघालं तर हाक मारा."

पुढे भाड्याच्या गाडीने उत्तरेकडे निघालो. माझा नवरा वीसएक वर्षं अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतो. स्कॉटलंडमध्ये डाव्या बाजूने चालवायची, त्यात जागोजागी राउंडअबाउटचे गोल चौक. तो घामाघूम, मी दाराचं हँडल घट्ट धरून, लेक मागून "डॅड, लेफ्ट! लेफ्ट!" करत. एकट्या आई निवांत होत्या. "आता कुठे नीट चालवतोयस," त्या लेकाला म्हणाल्या. "तिकडे सदा उलट्या बाजूने जातोस, मी आपली बोलत नाही."

डोंगरात शिरल्यावर रस्ते इतके अरुंद झाले की एका वेळी एकच गाडी जाईल. मध्ये मध्ये रुंद जागा ठेवलेल्या. समोरून कुणी आलं की एकाने तिथे थांबायचं, दुसऱ्याने पुढे जायचं, आणि जाताना हात वर करून आभार मानायचे. ही पद्धत आईंना फारच आवडली. थोड्या वेळाने त्याही पुढच्या सीटवरून प्रत्येक गाडीला नमस्कार करू लागल्या. एका ट्रॅक्टरवाल्याने गडबडून टोपी काढली. त्या नमस्कारांच्या वेळी मी त्यांच्याकडे चोरून बघायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होत होतं.

उन्हाळ्यात मिशिगनमध्येही अंधार उशिरा पडतो, पण तिथे तर उजेड हटतच नव्हता. त्यामुळे दिवेलागण कधी करायची, हा आईंपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. प्रवासात त्यांच्याबरोबर पितळेचा छोटा बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि हळदीकुंकवाची डबी असायची. हॉटेलात निरांजन लावलं तर अलार्म वाजेल म्हणून नवऱ्याने बॅटरीवरचा दिवा आणून दिला होता. आई तो हातात घेऊन खिडकीशी बसायच्या आणि दर थोड्या वेळाने विचारायच्या, "झाली का ग संध्याकाळ?" शेवटी लेकीने निर्णय दिला, "आजी, जस्ट डू इट ॲट सेव्हन." आणि देवांनी ते चालवून घेतलं.

खाण्याचे हाल होतील असं वाटलं होतं, तेही झाले नाहीत. तिथला एक प्रसिद्ध पदार्थ मटणाचा असतो, त्याचा शाकाहारी अवतार लेकीने आजीला भरवला. आई चावून चावून विचार करत म्हणाल्या, "डाळवडा तळायचा कंटाळा आला की असं होतं." पण ताट त्यांनी स्वच्छ केलं. बटरच्या त्या जाड बिस्किटांवर, शॉर्टब्रेडवर, मात्र त्यांचा जीव जडला. पर्समध्ये एक पुडा कायम असायचा.

आता त्या डोंगराबद्दल. ज्या गावाजवळ तो आहे त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. गाव एवढंसं आहे, आणि तिथे आम्हाला भेटलेली बाई अजून तिथेच असेल.

डोंगर फार उंच नव्हता. मेंढ्यांच्या कुरणातून पायवाट वर जात होती. आई साडी, स्पोर्ट्स शूज आणि माझं जुनं जॅकेट घालून सगळ्यांच्या पुढे. आयुष्यभर त्या सकाळी अजिंक्यताऱ्याला पायी जाऊन आलेल्या. धापा टाकत होतो ते आम्ही. माथ्यावर कमरेएवढी उंच दगडांची रास होती, नीट रचलेली. लेक म्हणाली, "आजी, एव्हरीबडी पुट्स अ स्टोन. तू पण ठेव." एवढं सांगून ती बापाबरोबर पलीकडच्या उतारावर तळ्याचे फोटो काढायला गेली. मी खाली बसून बुटातला खडा काढत होते.

आईंनी त्या राशीकडे नीट पाहिलं. येणारा जाणारा दगड ठेवतो. कुणी रानफुलं वाहिलेली. त्यांच्या माहेरच्या घाटात, वळणावर, शेंदूर फासलेला एक दगड आहे. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा तिथे गाडी हळू करून हात जोडतो. तसाच हा इथला घाटातला देव, यात त्यांना शंकाच वाटली नाही. त्यांनी पर्समधून डबी काढली, वरच्या मोठ्या दगडाला हळद लावली, कुंकू लावलं, पुढ्यात शॉर्टब्रेडचा नैवेद्य ठेवला आणि हात जोडून डोळे मिटले. मी मान वर केली तेव्हा एक काळा कुत्रा तो नैवेद्य खात होता.

कुत्र्यामागून त्याची मालकीण आली. आईंच्याच वयाची, पिवळा रेनकोट, दोन्ही हातांत काठ्या. ती त्या लाल-पिवळ्या दगडासमोर थबकली. तेव्हा कुठे मला फुलांमागे बसवलेली लहानशी पाटी दिसली. त्यावर एका माणसाचं नाव होतं, आणि खाली, त्याचा हा आवडता डोंगर, अशा अर्थाचं काहीतरी. कुणाच्या तरी स्मारकाला आम्ही कुंकू फासून बसलो होतो.

मी हाका मारल्या. नवरा ओले टिश्यू घेऊन धावतच आला आणि "सॉरी, सो सॉरी" म्हणत दगड पुसायला वाकला. त्या बाईने आपली काठी आडवी धरली. पुसू नका, म्हणाली, पण हे आहे काय? लेकीने तिला जमेल तसं समजावलं. मग तिचं ऐकून आजीला सांगितलं की हा देव नाही, या बाईच्या वारलेल्या नवऱ्याची आठवण म्हणून रचलेली रास आहे.

"अगं बाई! माणसाचं आहे होय?" आई एकदम खजील झाल्या. "सांग तिला, देव समजून लावलं. चुकलं माझं."

लेकीने ते इंग्रजीत सांगितलं. बाई इतकी हसली की तिला दगडावर बसावं लागलं. डोळे पुसत ती जे म्हणाली ते लेकीने आजीला असं सांगितलं, "ती म्हणते, मी त्याच्याबरोबर संसार केलाय. ही वॉज नो गॉड. देव नव्हता तो, मुळीच नव्हता."

आई म्हणाल्या, "सांग तिला, आमचेही नव्हते."

आणि त्या हसल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना असं पोटातून हसताना पाहिलं नव्हतं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि वाऱ्यामुळे आलं असं दाखवत मी तोंड फिरवलं.

पुढचा बराच वेळ त्या दोघी एका सपाट दगडावर बसून होत्या. आईंचा शॉर्टब्रेडचा पुडा, तिच्या थर्मासमधला चहा. सुरुवातीला लेक दुभाषी होती, मग तिला कंटाळा आला आणि ती कुत्र्याशी खेळायला गेली. त्या दोघींचं काही अडलं नाही. आई मराठीत सांगत होत्या: भाजीत मीठ कमी पडलं की यांचा आवाज गल्लीत जायचा, पण माझा पाय मोडला तेव्हा महिनाभर स्वतः स्वयंपाक केला यांनी, आणि तो सगळाच अळणी. बाई तिच्या भाषेत काही सांगत होती आणि मधूनच काठीने रास दाखवत होती. दोघी योग्य जागी हसत होत्या, ते कसं, मला अजून कळलेलं नाही. निघण्यापूर्वी माझ्या नवऱ्याने कुंकू लावलेल्या त्या राशीचा फोटो काढला.

उतरताना आई मला म्हणाल्या, "पाहिलंस? ओठांना लाली होती तिच्या. डोंगर चढायला लाली." थोडं अंतर गेल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "दर आठवड्याला येते म्हणे."

मला वाटलं, झालं, सुटला गुंता. विमानात मी नवऱ्याला तसं सांगितलंही. तो सावध माणूस आहे, "बघू" म्हणाला. घरी आल्यावर आई जेवताना हसू लागल्या, सासऱ्यांच्या गोष्टी सांगू लागल्या, हे खरं. पण नवरात्रात बायका यायच्या त्या दिवशी त्यांनी ओटीचं सगळं सामान लावून दिलं आणि जिना चढल्या. त्या दिवशी मी फार चिडले. आम्ही डोंगर चढून आलो होतो आणि त्या पुन्हा त्याच खोलीत जाऊन बसल्या होत्या.

या जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू पुन्हा आमच्याकडे होतं. इथल्या मराठी मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू केव्हाच्या मागे लागल्या होत्या की स्कॉटलंडचे फोटो दाखवा, म्हणून तेही त्याच दुपारी ठरलं. काकूंचे यजमानही काही वर्षांपूर्वी गेलेले. त्या हळदीकुंकवाला यायच्या, पण स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसायच्या आणि करंडा फिरायला लागला की कपबशा विसळायला उठायच्या. आम्ही बाकीच्या ते दिसत नसल्यासारखं करायचो.

मी आईंना म्हटलं, "फोटो आहेत, खाली या."

"फोटो कशाला बघू? मी होते तिथे," त्या म्हणाल्या आणि गेल्या वर.

बाहेर बर्फ पडत होता. बायका आल्या, कोटांचा ढीग झाला, बरोबर आलेले पुरुष बेसमेंटमध्ये फुटबॉल बघायला गेले. नवऱ्याला मात्र रिमोट घेऊन टीव्हीशी उभं केलं होतं. एडिनबरा झालं, स्टर्लिंग झालं, मेंढ्या झाल्या. मग ती रास पडद्यावर आली, हळदीकुंकवासकट.

नागपूरहून नुकतीच आलेली एक मुलगी, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, सोफ्यावरून पुढे सरकून मला म्हणाली, "काकू, तिकडे पण देवीला कुंकू लावतात काय?"

मी सांगायला सुरुवात केली. गोष्ट सांगणं मला जमत नाही. मला शेवट आधी सांगायची घाई असते. त्यात नवरा मध्येच म्हणाला, "तो कुत्रा काय गोड होता, पांढरा शुभ्र."

"काळा होता," जिन्यावरून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. मी वर बघितलं नाही, तसंच पुढे रेटलं. "तर ती बाई हसली आणि मग आईंनी तिची माफी मागितली..."

"आधी माफी मागितली, मग ती हसली. नीट सांग ना." या वेळी आवाज जवळून आला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी गोष्टीची वाट लावायचं ठरवलं. सांगितलं की त्या बाईने आम्हाला बिस्किटं दिली. पायऱ्यांवर पावलं वाजली. "तिने? माझी होती ती." सांगितलं की डोंगर फार उंच होता आणि आईंना हाताला धरून चढवावं लागलं. हे ऐकून त्या थेट दिवाणखान्यात आल्या. "हात धरून? मागे कोण राहिलं होतं ते सांगू का?" नवरा गालातल्या गालात हसला. नागपूरच्या मुलीने सोफ्यावर जागा केली. आई बसल्या आणि त्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, त्यांच्या घाटातला शेंदरी दगड, टोपी काढणारा ट्रॅक्टरवाला, नैवेद्य खाणारा कुत्रा, सगळं.

"आमचेही नव्हते" आलं तेव्हा घर हसण्याने भरून गेलं. दाराशी बसलेल्या काकू तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आमचे तर अजिबातच नव्हते," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हशा.

हसणं ओसरल्यावर आई टीव्हीवरच्या त्या राशीकडे वळल्या. "ती बाई त्याला भेटायला जायचं म्हणून ओठ रंगवून डोंगर चढते," त्या म्हणाल्या. "आणि मी दार लावून बसते. यांना तर घर भरलेलं लागायचं. माणसं उठून निघाली की म्हणायचे, एवढ्यात कुठे, बसा अजून."

मी जाऊन हळदीकुंकवाचा करंडा आणला. कपबशा विसळायला काकू सवयीने उठल्या.

"आण इकडे," आई मला म्हणाल्या आणि करंडा त्यांनीच घेतला. पहिलं कुंकू नागपूरच्या मुलीला लावलं. तिने वाकून नमस्कार केला तशी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग एकेक करत त्या सगळ्यांपुढून गेल्या. काकू स्वयंपाकघरात सिंकपाशी पोचल्या होत्या, तिथे जाऊन आईंनी त्यांना वळवलं. काकू मागे सरल्या. "अहो, मला नको, मी..." आई म्हणाल्या, "मी पण," आणि लावलं. काकूंचे हात ओले होते, ते तसेच धरून त्या उभ्या राहिल्या.

मी शेवटी. माझ्या कपाळाला आईंचं बोट लागलं, गार आणि थोडं खरखरीत. मग त्या करंडा माझ्यापुढे धरून तशाच उभ्या राहिल्या. मी बोट कुंकवात बुडवलं, पण हात वर जाईना. इतके दिवस मीच तावातावाने भांडत होते, आणि आता मीच थिजले होते.

"लाव की," त्या म्हणाल्या. "थांबलीस का?"

मी बोट टेकवलं. कुंकू वाकडं लागलं, भुवईकडे ओघळल्यासारखं. मी ते नीट करायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "लागलंय ना."